रणगाड्याचे मॉडेल, बंद खोली आणि डोकेदुखी

पन्नाशीनंतर प्रत्येकाला हाताने करण्याचा एखादा छंद असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. टीव्ही पाहणे आणि मोबाइल चाळणे मी छंदात धरत नाही. विणकाम, बागकाम, पेटी, सुतारकाम, काहीही चालेल. हात आणि डोके एकत्र गुंतले पाहिजे. आज मात्र मी अशा छंदाविषयी लिहिणार आहे, ज्याला आपल्याकडच्या बहुतेक घरांत पोरखेळ समजतात: किटमधून रणगाड्याचे छोटे मॉडेल जोडणे आणि रंगवणे.

मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, हा छंद चांगला आहे, जरूर करा. दोन, त्यातला खरा धोका धारदार पात्याचा नाही, खोलीतल्या हवेचा आहे. आणि तो टाळणे छंद करणाऱ्याइतकेच घरच्यांच्याही हातात असते.

हा छंद नेमका काय असतो?

ज्यांनी हे कधी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले शेकडो सुटे भाग येतात. ते कापायचे, कडा घासायच्या, नकाशा पाहून चिकटवायचे, मग रंग द्यायचा. रंग झाला की चिखल, गंज, धूळ, घासलेल्या कडा हे सगळे रंगानेच दाखवायचे. रणगाड्यांसाठी १:३५ हे प्रमाण सर्वात प्रचलित आहे, म्हणजे खऱ्या वस्तूच्या पस्तिसाव्या भागाएवढे मॉडेल.

मी स्वतः वर्षाकाठी एखादे मॉडेल पूर्ण करतो. सध्या टेबलावर सेंच्युरियन आहे. सुमारे ५० टनांचा हा ब्रिटिश बनावटीचा रणगाडा आपल्या सैन्याने १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत वापरला. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत सेंच्युरियनमधूनच लढले आणि वयाच्या २१ व्या वर्षी त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. हे माहीत असलेला माणूस त्या २८ सेंटिमीटरच्या प्लास्टिकला खेळणे म्हणत नाही. साखळीपट्ट्याची एकेक कडी जोडताना दोन तास कसे जातात ते कळत नाही, आणि त्या दोन तासांत पेन्शन, जमिनीचा वाद, मुलाचे लग्न यांपैकी काहीही डोक्यात येत नाही. मनाला अशी विश्रांती देणारी गोळी माझ्या कपाटात नाही.

मग डॉक्टरला यात बोलण्यासारखे काय आहे?

गेल्या वर्षी एक गृहस्थ माझ्याकडे आले. वय ५८, नोकरीतून नुकतेच निवृत्त. तक्रार अशी की सकाळी उठल्यावर डोके जड, किंचित मळमळ, घशात खवखव आणि कोरडा खोकला. चार महिने हे चालू होते. सायनसचा एक्स-रे झाला होता, चष्म्याचा नंबर बदलून झाला होता, ॲसिडिटीच्या गोळ्या चालू होत्या. रक्तदाब ठीक होता, छाती साफ होती, मज्जासंस्थेच्या तपासणीत काही सापडले नाही. मी विचारले, "रात्री झोपण्याआधी काय करता?" ते उत्तर देण्याआधीच त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "काय करणार? ती खेळणी घेऊन बसतात."

मग उलगडा झाला. रात्री दहा ते साडेबारा, बेडरूमचे दार बंद, खिडक्या बंद, एसी चालू. टेबलावर एअरब्रश, शेजारी थिनरची उघडी बाटली. रंगवलेले भाग तिथेच वाळत ठेवायचे आणि त्याच खोलीत झोपायचे. दार बंद का, तर वास बाहेर गेला की घरात कुरकुर होते. रात्री का, तर दिवसा हॉलमध्ये बसले की "नातवंडांचं वय आहे का तुमचं?" असे ऐकावे लागते.

मी त्यांना दोन आठवडे रंगकाम पूर्ण बंद ठेवायला सांगितले. डोकेदुखी आणि मळमळ आठवड्यात गेली, खोकला थोडा उशिरा गेला. नंतर त्यांनी काम पुन्हा सुरू केले, पण दिवसा आणि उघड्या खिडकीपाशी. त्रास परतला नाही. त्यांचा आजार रंगातून आला, हे खरे. पण रंग बंद खोलीत गेला तो घरातल्या टोमण्यांमुळे, हेही तितकेच खरे आहे.

हवेत नेमके काय मिसळते?

या मॉडेलचे प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. ते चिकटवण्याचे 'सिमेंट' हे फेविकॉलसारखे चिकट नसते. ते प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवते, दोन भाग एकमेकांत मिसळतात आणि वाळल्यावर एकजीव होतात. म्हणजेच ते एक द्रावक आहे. त्यात साधारणपणे ॲसिटोन, ब्युटाइल ॲसिटेट अशी रसायने असतात. लॅकर रंगांच्या थिनरमध्ये याच कुळातली आणखी रसायने असतात, काहींत टोल्यूइनही असते. इनॅमल रंगांचा थिनर टर्पेंटाइनसारखा असतो.

ही सर्व द्रव्ये पटकन उडतात. श्वासावाटे ती फुफ्फुसात जातात, तिथून रक्तात आणि रक्तातून मेंदूत. थोड्या प्रमाणात डोके जड होणे, गरगरणे, मळमळ, डोळे चुरचुरणे, चिडचिड. महिन्यातून एकदा खिडकी उघडी ठेवून तासभर काम केले तर निरोगी माणसाला याने काही होत नाही. रोज रात्री बंद खोलीत केले तर होते.

याबाबतचे चार गैरसमज मला नेहमी ऐकू येतात.

*"एसी चालू असतो की!"* आपल्या घरातला स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. तो खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा फिरवतो. वाफ खोलीतच राहते.

*"पाच मिनिटांनी वास जातो."* वास जात नाही, नाक सरावते. कोणताही वास सतत येत राहिला की मेंदू त्याची दखल घेणे बंद करतो. खात्री करायची असेल तर दहा मिनिटे बाहेर फिरून या आणि मग खोलीत शिरा.

*"मी एन-९५ लावतो."* कोविडने आपल्याला मास्क शिकवले, पण हे शिकवले नाही की एन-९५ कणांसाठी असतो, वाफेसाठी नाही. प्लास्टिक घासताना उडणारी धूळ आणि स्प्रेचे बारीक थेंब तो अडवतो. थिनरची वाफ त्यातून सरळ आत जाते. वाफेसाठी कोळशाचे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. त्यावर 'ऑरगॅनिक व्हेपर' असे लिहिलेले असते आणि ते कार्ट्रिज ठरावीक काळाने बदलावे लागते.

*"माझे रंग ॲक्रिलिक आहेत, पाण्याचे."* ब्रशने लावत असाल तर हे रंग खरोखरच जास्त सुरक्षित आहेत आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याने तेच घ्यावेत. पण काही ॲक्रिलिक रंगांत अल्कोहोल असते, हे बाटलीवर वाचा. आणि एअरब्रशमधून उडवला की कोणताही रंग धुक्यासारखा होतो. सर्वात बारीक थेंब थेट फुफ्फुसाच्या खोल भागात पोहोचतात. पाण्याचा रंग म्हणून तो तिथे विरघळून नाहीसा होत नाही.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. ही वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते, आणि ती पेट घेते. म्हणून त्या खोलीत समई, उदबत्ती, मच्छरची कॉइल, सिगारेट काहीही नको. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा आहे म्हणून गॅस चालू असताना तिथे स्प्रे करणे तर अजिबात नको. जमिनीवर रांगणारे मूल आणि घरातले मांजर हीच वाफ सर्वात आधी घेतात.

दमा किंवा सीओपीडी असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी द्रावकाचे रंग आणि स्प्रे यांपासून दूरच राहावे. घरात अशी व्यक्ती असेल तर हे काम घराच्या आत करूच नये. आणि घरात किशोरवयीन मुले असतील तर थिनर आणि सिमेंट कुलपात ठेवा. नशेसाठी मुद्दाम अशी वाफ हुंगल्याने हृदयाचे ठोके बिघडून पहिल्याच वेळी मृत्यू येऊ शकतो.

ब्रश तोंडात घालू नका

ब्रशचे टोक बारीक करायला ते ओठांत धरून ओढायची सवय अनेक रंगवणाऱ्यांना असते. या सवयीचा एक दारुण इतिहास आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतरची काही वर्षे अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या कारखान्यात तरुण मुली घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा रंग भरत. टोक बारीक राहावे म्हणून ब्रश ओठांत धरायला त्यांना शिकवले जाई. त्या रंगात रेडियम होते. अनेकींचे जबड्याचे हाड सडले, रक्त कमी झाले, काहींचा मृत्यू झाला. आपल्या रंगांत रेडियम नाही, पण रंगद्रव्ये आणि द्रावके पोटात जाण्यासाठी बनवलेली नाहीत. ब्रश ओल्या फडक्यावर फिरवा, टोक तितकेच छान येते. काम करताना त्याच टेबलावर चहा ठेवू नका. ब्रश चहात बुडवलेले महाभाग मी पाहिले आहेत.

डोळे, बोटे आणि हाताची थरथर

चाळिशी लागली की जवळचे दिसत नाही. साध्या वाचनाच्या चष्म्यापेक्षा या कामाला थोडा जास्त नंबर लागतो, कारण वस्तू आणखी जवळ धरावी लागते. डोळ्यांच्या डॉक्टरांना तुम्ही किती अंतरावर काम करता ते मोजून सांगा. बारीक काम केल्याने नंबर वाढतो ही भीती पन्नाशीत बाळगू नका. त्रास होतो तो पापण्या कमी लवल्यामुळे डोळे कोरडे पडण्याचा. दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद पाहा. खिडकीजवळ बसण्याचा हा दुसरा फायदा.

पितळेचे पातळ बारीक भाग कापताना टुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो. अर्ध्या काचेचा चष्मा त्यापासून वाचवत नाही. वरून सुरक्षा चष्मा लावा. डोळ्यात काही गेले तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा आणि टोचत राहिले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

इन्स्टंट ग्लूने बोटे चिकटली तर ओढू नका. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवा. पापण्या चिकटल्या तर घरी काहीही न करता ओले फडके ठेवून डॉक्टर गाठा. हा ग्लू कापसावर किंवा सुती कपड्यावर सांडला तर तापतो आणि भाजू शकते, म्हणून कापसाने पुसायला जाऊ नका.

पात्याबद्दल एवढेच: बोथट पाते जास्त कापते, कारण आपण जोर लावतो. सुरी घरंगळून पडली तर झेलू नका. कापले तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि दहा मिनिटे न सोडता दाबून धरा. हळद, चुना, कॉफी पावडर भरू नका. बोटाचे टोक बधिर वाटले किंवा बोट वाकत नसेल तर जखम लहान दिसली तरी दाखवा; खाली नस किंवा स्नायुबंध कापलेला असू शकतो. धनुर्वाताचे इंजेक्शन दर जखमेला लागत नाही. आधीचे डोस पूर्ण झाले असतील तर साध्या स्वच्छ जखमेला दहा वर्षांत एकदा पुरते. शेवटचे कधी घेतले ते लिहून ठेवा.

आता थरथरीविषयी. बारीक ब्रश हातात धरला की प्रत्येकाचाच हात थोडा हलतो. जास्त चहा-कॉफी, अपुरी झोप, दम्याचा पंप, वाढलेला थायरॉइड यांनी तो अधिक हलतो. काम करताना दोन्ही हात थरथरत असतील आणि घरात आणखी कोणाला तसे असेल, तर तो बहुधा कंपवात नसतो. कंपवातात थरथर सहसा एका बाजूने सुरू होते, हात मांडीवर स्वस्थ असताना दिसते, आणि हालचाली मंदावतात, अक्षर बारीक होत जाते. मॉडेल करणाऱ्याला स्वतःच्या हातातला हा बदल इतरांच्या आधी कळतो. कळला तर लपवू नका, दाखवा.

मधुमेह असलेल्यांना खास सूचना. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेऊन कामात गुंगलात आणि जेवण टळले, तर साखर एकदम उतरू शकते. हात थरथरणे, घाम येणे, भूक, धडधड ही कामाची नव्हे, साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात. मोबाइलवर गजर लावा. जेवणाच्या वेळी रणगाडा थांबतो. आणि सर्वांसाठीच, दर अर्ध्या तासाला उठून दोन मिनिटे चाला.

इतके सांभाळायचे, तर सोडूनच द्यावे का?

नाही. असे म्हणणारे डॉक्टर छंदाची किंमत कमी धरतात. २०२३ साली 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात १६ देशांतल्या ६५ वर्षांवरील ९३ हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. छंद असलेल्यांमध्ये नैराश्याची लक्षणे कमी आणि आयुष्याबद्दलचे समाधान जास्त आढळले. हा निरीक्षणांचा अभ्यास आहे. छंदामुळेच सगळे झाले असे त्यातून सिद्ध होत नाही, मुळात बरे असणारेच छंद करतात असेही असू शकेल. पण निवृत्तीनंतर "आता करू काय?" असे विचारत समोर बसलेली माणसे मी रोज पाहतो. त्यांच्यापुढे साडेतीनशे सुटे भाग ठेवणे मला झोपेच्या गोळीपेक्षा नक्कीच बरे वाटते.

म्हणून माझे म्हणणे घरच्यांना आहे. बाबा, काका, आजोबा टेबलावर रणगाडा जोडत असतील तर हसू नका. त्यांना खिडकीजवळचा कोपरा द्या, चांगला दिवा द्या, बाहेर हवा टाकणारा एक छोटा पंखा बसवून द्या. ज्या छंदाला घरात मान असतो तो दिवसा, उजेडात, मोकळ्या हवेत होतो. ज्याची थट्टा होते तो बंद दारामागे जातो आणि आजार घेऊन बाहेर येतो. शक्य असेल तर त्यांना अहिल्यानगरला रणगाड्यांच्या संग्रहालयात घेऊन जा. खरे सेंच्युरियन पाहण्याच्या निमित्ताने तासभर चालणेही होईल.

आणि थोडे माझ्या व्यवसायबंधूंसाठी. इटलीतले वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी सन १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि सांगितले की रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारा. आपण विचारतो. पण "निवृत्त" किंवा "गृहिणी" असे उत्तर आले की आपली लेखणी थांबते. निवृत्त माणसाचे हात निवृत्त होत नाहीत. घरी हाताने काय करता, कुठे बसून आणि किती वाजता, हे विचारायला एक मिनिट लागते.

थोडक्यात लक्षात ठेवा

- द्रावक आणि स्प्रेचे काम दिवसा, उघड्या खिडकीशी. झोपण्याच्या खोलीत नको.
- पंख्याने हवा खोलीतून बाहेर जायला हवी; नुसती फिरायला नको.
- काम झाले की बाटल्यांची झाकणे घट्ट, वाळणारे भाग बाल्कनीत किंवा बंद डब्यात.
- घासताना कागद ओला करून घासा, धूळ उडत नाही.
- पावसाळ्यात खिडकी उघडता येत नसेल तर त्या दिवशी फक्त कापणे, घासणे, जुळवून पाहणे. रंग पाऊस थांबल्यावर.
- सुरुवात पाण्याच्या रंगांनी आणि ब्रशने.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे? काम केल्यानंतर वारंवार डोके दुखत असेल, छातीत घरघर होत असेल, हातांना खाज किंवा पुरळ येत असेल, किंवा थरथर वाढत चालली असेल तर. येताना रंग आणि थिनरच्या बाटल्यांच्या लेबलांचे फोटो मोबाइलवर घेऊन या, निदानाला मदत होते. गरगरून तोल जात असेल किंवा धाप लागत असेल तर आधी मोकळ्या हवेत या आणि लगेच दवाखाना गाठा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. चालू असलेली औषधे आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नयेत.)